पलीकडच्या हॉलमध्ये

दातांच्या डॉक्टरीणबाई रविवारी दवाखाना बंद ठेवत, आणि दुपारचं जेवण उरकलं की घर त्यांना खायला उठे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली ती तिथलीच झाली. मायलेकींचं फोनवरचं बोलणं आटत आटत ‘जेवलीस का’ आणि ‘गोळ्या घेतल्यास का’ एवढ्यावर आलं होतं.

मग एकदा मुलीनेच सुचवलं. "आई, तुमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सिनेमा दाखवतात ना? तोच सिनेमा त्याच वेळी जगभरच्या हॉलांमध्ये चालू असतो. तू तिथे बस, मी इथे बसते. मग बोलू त्याच्यावर."

सिनेमा संपला की खरी गंमत असे. पडद्यावर चौकोन उमटत आणि एकेका चौकोनात एकेका गावचा हॉल दिसे. कुठे जाडजूड कोट घातलेली माणसं, कुठे घामाने निथळलेली. सगळी एकमेकांना हात करत. त्यात मुलगी दिसली की डॉक्टरीणबाई शाळकरी पोरीसारखे दोन्ही हात हलवत.

"बाई, जरा बेताने," शेजारी बसणारे निवृत्त मॅनेजर म्हणत. "माझा चष्मा उडवाल."

संध्याकाळी मायलेकी फोनवर सिनेमावरून कडाकडा भांडत. घर पुन्हा बोलकं झालं होतं.

एका रविवारी मुलगी म्हणाली, "सॉरी आई, आज गेलेच नाही. तापाने फणफणलेय."

"अगं, मी पाहिलं ना तुला! हात केलास की."

"दुसरी कोणीतरी असेल."

चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी डॉक्टरीणबाईंनी मनाची समजूत घातली.

पुढच्या रविवारी मुलगी दिसली, पण तिने हात केला नाही. शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून ती निवांत बसली होती. बाईचा चेहरा पुढच्या माणसाआड गेला होता. अंगावरची राखाडी शाल तेवढी दिसत होती.

"तुझ्याशेजारी कोण होतं गं?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"माझ्याशेजारी?" मुलगी घुटमळली. "आई, मी जरा घाईत आहे. नंतर बोलू?"

तशीच शाल डॉक्टरीणबाईंकडेही होती. त्यांनी कपाट उघडून पाहिलं. घडी जागच्या जागी होती. तरी त्यांनी ती हातात घेतली, आणि का कोण जाणे, नाकाशी नेली. शालीला कुठल्या तरी अनोळखी साबणाचा वास येत होता.

त्यानंतर मुलीचा फोन आला नाही. यांनी केला तर नुसता वाजत राही. आता रविवारी पडद्यावर दिसेल तेवढीच मुलगी उरली होती.

त्या दुपारचा सिनेमा विनोदी होता. हॉल हसून लोटपोट झाला. डॉक्टरीणबाई फक्त संपण्याची वाट पाहत होत्या.

चौकोन उमटले. मुलगी दिसली. आज तिच्यापुढे कोणी नव्हतं.

शेजारची बाई वळून हसली. तिचा डावीकडचा सुळा किंचित पुढे आलेला होता. तो सुळा डॉक्टरीणबाई जन्मभर आरशात बघत आल्या होत्या.

बाईने हात केला. दोन्ही हात.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या हॉलचा चौकोन शोधला. त्यात मॅनेजर होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"मॅनेजरसाहेब," त्या कशाबशा म्हणाल्या.

मॅनेजरांनी मान वळवली. क्षणभर पाहिलं. मग हात हलवायला मोकळे व्हावेत म्हणून आपली छत्री त्यांच्या मांडीवर आडवी ठेवून दिली.

घरी पोचताच त्यांनी फोन लावला. या वेळी तो लगेच उचलला गेला.

"हॅलो?"

"अगं, मी बोलतेय."

"कोण?"

"मी. आई."

पलीकडे खोलीच्या आतून आवाज आला, जरासा घोगरा, त्यांचाच.

"कोणाचा फोन गं?"

"राँग नंबर आहे, आई."

फोन बंद करायचा राहून गेला असावा. कप वाजले, खुर्ची सरकली. दोघी दुपारच्या सिनेमावरून भांडू लागल्या.

डॉक्टरीणबाईंना त्या सिनेमाबद्दल एक गोष्ट बोलायची होती. त्यांनी तोंड उघडलं, तोच पलीकडची बाई ती बोलली, आणि मुलगी खळखळून हसली.