झील धरणारी

चैत्र संपत आला होता. नाचणगावच्या जयवंताबाई दुपारची एसटी धरून वर्ध्याकडे निघाल्या, त्या फक्त एक गाणं रेकॉर्ड करायला. सोबत पुतणी वर्षाली होती. पिशवीत पाण्याची बाटली, दोन काकड्या आणि उन्हासाठी दुपट्टा. दिवेलागणीच्या आत येतो, असं घरी सांगून ठेवलं होतं. तशा त्या आल्याही. पण जाताना घरी नव्हतं असं काहीतरी त्या सोबत घेऊन आल्या, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

जयवंताबाई गावच्या महिला भजन मंडळात पुढे बसून गायच्या. आपल्याकडे भजनाची रीत अशी, की पुढे बसलेलीनं ओळ म्हणायची आणि थांबायचं. मागच्या बायांनी त्या ओळीची शेपटी उचलून परत म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. झील धरणारीनं आपण होऊन कधी ओळ सुरू करायची नसते. पुढून ओळ आली तर झील, नाही तर गप्प बसायचं. जयवंताबाईंच्या मागे त्या बायांत झील सगळ्यांआधी धरणारी कायम एकच होती, त्यांची धाकटी जाऊ नलू. वर्षालीची आई.

नलू रोहण्याची. त्या गावानं पुलगाव-आर्वीच्या लहान रेल्वेगाडीच्या शिट्टीवर घड्याळं लावलेली. जयवंताबाईंची एक खोड होती. ओळ उचलण्याआधी त्या पोटातून श्वास घेत आणि तो नाकात बारीक शिट्टीसारखा वाजे. तो वाजला की नलू मागून बायांना म्हणे, "बाईची शिट्टी झाली. चढा वं बायांनो, आता गाडी हालते." मग गालातली लवंग जिभेखाली सरकवून ती झील धरे. तिचीही एक खोड होतीच. शब्द संपला की हळूच "वं माय" जोडायची. जयवंताबाई रागवत, "गान्यात नाई ते काऊन घालतं वं?" नलू म्हणे, "मी नाई घालत बाई, तेच निंगते."

गेल्या पौषात नलू गेली. दुखणं फार लांबलं नाही, एवढंच त्यात बरं.

त्यानंतर जयवंताबाईंनी गायचं बंद केलं असं नाही, पण गाणं होईना. एक ओळ म्हणून थांबलं की मागून येई ते नलूचं नसे, आणि पुढची ओळ घशातच बसून राही. त्याहून वाईट दुसरंच होतं. नलूचा चेहरा आठवे, पोळ्या लाटताना वाकलेला अंगठा आठवे, पण आवाज दिवसागणिक पुसट होत चालला होता. मोबाइलमध्ये व्हिडिओ ढीगभर होते. सगळ्यांत पुढे बसलेल्या जयवंताबाईच दिसत, आणि मागच्या टाळांच्या गोंगाटात कुठेतरी नलू असे. बोलून निरोप पाठवायची तर तिला लाजच वाटायची. "आपला आवाज आपुनच कसा पाठवाचा वं?" म्हणून ती एकेक अक्षर शोधत टाइप करत बसे.

नलूनं एक गाणं जुळवलं होतं. वर्षाली एक दिवस म्हणाली, "मोठाई, आईचा आवाज तं गेला. तिचं गानं तरी ठेवा कुठंतरी. नाई तं तेही जाईन."

म्हणून ही एसटी.

वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेत रजतनं आपल्या घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ केला होता. पोरगा तिशीचा, बोलायला गोड. आतली लहान खोली चारी बाजूंनी काळ्या स्पंजानं मढवलेली होती. त्यावर उंचवटे आणि खळगे.

"हे का रे बाप्पा? अंड्याचे ट्रे लावून ठेवले," जयवंताबाई म्हणाल्या.

"आवाज घुमू नाई म्हणून हाय ते, काकू."

"घुमला नाई तं आवाज कायचा?"

वर्षाली हसली. रजतही हसला. त्यानं हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले, एसी बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते, आणि जाड दार ओढून घेतलं.

बाहेर वैशाखाच्या तोंडावरचं ऊन रणरणत होतं. आत त्याचा कवडसाही नव्हता. एक लहानसा लाल दिवा आणि त्याच्यापलीकडे अंधार. आवाज तर कसलाच नाही. रस्त्यावरच्या गाड्या, कुत्री, शेजारचा मिक्सर, दार लागताच सगळं कुणी पुसून टाकल्यासारखं गेलं. एवढी शांतता जयवंताबाईंनी आयुष्यात एकदाच ऐकली होती, पौषात, नलूच्या खाटेजवळ.

कानात तानपुरा सुरू झाला. त्यांनी पहिली ओळ म्हटली, आणि सवयीनं थांबल्या.

तानपुऱ्यावरून रजतचा आवाज आला. "काकू, थांबून काऊन राह्यल्या? म्हनत राहा ना."

"झील कोन धरीन?"

"झील मंग टाकू आपुन. तुमचाच आवाज कापून डबल करतो, कोनाले समजत नाई."

"म्हंजे मीच बोलाचं, अन् मीच हो म्हनाचं?"

रजतनं तानपुरा परत पहिल्यापासून लावला. मग म्हणाला, "बरं. तुमी सोडा जागा. जशी सोडता तशीच सोडा."

त्यांनी परत सुरुवात केली. ओळ म्हटली, जागा सोडली. कानात तानपुऱ्याशिवाय काही नव्हतं. पुढची ओळ निघेना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि मनाशी ठरवलं, की आता नाही आलं तर उठायचं आणि घरी जायचं. वर्षालीला सांगायचं, बाई, गेलं ते गाणंही.

तेव्हा लवंगेचा वास आला.

बंद खोली, स्पंजाचा उग्र वास, कपाळावर घाम, आणि त्यातून अगदी जवळून, मानेमागून कुणी श्वास सोडावा तसा लवंगेचा वास. जयवंताबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पोटातून श्वास घेतला, तो नाकात वाजला, आणि त्यांनी ओळ उचलली.

"ऊन कलंडलं वं, माही सावली पुढं गेली…"

थांबल्या.

"पुढं गेली… सावली पुढं गेली… वं माय."

आवाज फार हळू होता. पण मागे, उजव्या हाताला, जिथं ती बसायची तिथूनच आला. जयवंताबाईंना वाटलं, या पोरीनं कुठून तरी जुनं रेकॉर्डिंग मिळवलं आणि त्या पोरानं ते कानात सोडलं. त्यांच्या मनात एवढी माया दाटून आली, की विचारायचंही सुचलं नाही. घसा मोकळा झाला होता.

"तिच्या पावलावर पाऊल, माही वाट नेली…"

"वाट नेली… माही वाट नेली… वं माय."

गाणं शेवटपर्यंत झालं. कुठेही अडलं नाही.

दार उघडल्यावर डोळ्यांवर उजेड आला. रजत स्क्रीनपुढे माऊस फिरवत होता. "एक नंबर झालं, काकू! ओळीच्या आधी तुमचा श्वास शिट्टीवानी वाजते, ते सगळे साफ करून टाकले. आता एकही नाई राह्यला."

"शिट्टी काढली का?" जयवंताबाई पुटपुटल्या. "मंग गाडी कशी हालीन…" पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "झील कुठून आनली रे तुनं? लई उपकार झाले बाप्पा तुहे."

रजतनं वर पाहिलं. "कोनती झील?"

"मले कानात ऐकवली ते."

"काकू, कानात तं फक्त तानपुरा होता."

त्यानं स्पीकरवर गाणं लावलं. जयवंताबाईंची ओळ आली, मग तानपुरा नुसताच वाजत राहिला, मग पुढची ओळ. मधल्या जागा रिकाम्या होत्या. स्क्रीनवर त्यांच्या आवाजाची रेघ डोंगरासारखी वर जायची आणि थांबल्या की जमिनीसारखी सपाट व्हायची.

वर्षालीनं टेबलावरचे हेडफोन उचलले आणि कानांना लावले. पहिली ओळ गेली. तिचा हात तोंडाकडे गेला.

"आई हाय…" ती म्हणाली. "मोठाई, आईच हाय…"

रजतनं तिच्या कानांवरचे हेडफोन काढून स्वतःला लावले. बराच वेळ ऐकत राहिला. त्याची नजर स्क्रीनवर होती.

"आवाज येऊन राह्यला…" तो अगदी हळू म्हणाला. "पन रेघ… रेघ हालून नाई राह्यली…"

त्यानं हेडफोन काढून ठेवले, एसी लावला, मग उगाच बंद केला.

"लवंग कोनं खाल्ली इथं?"

त्यानं गाणं दोघींच्या मोबाइलवर पाठवलं आणि फाटकापर्यंत सोडायला आला. फाटक उघडताना त्यानं एवढंच विचारलं, "काकू, तुमाले भेव नाई लागत?"

जयवंताबाईंनी जरा विचार केला. "ते माह्या मागं बसत होती, बाप्पा," त्या म्हणाल्या. "मागच्या मानसाचं कायचं भेव?"

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. वर्षाली चुलीकडे गेली. जयवंताबाईंनी देवाजवळ दिवा लावला, भिंतीला टेकून बसल्या आणि इअरफोन कानात घातले. नलूच्या आवाजात एक खरखर होती, नवी चटई उलगडताना येते तशी. ती त्या विसरून गेल्या होत्या. प्रत्येक "वं माय"ला त्या मान डोलवत होत्या. ज्या दोन शब्दांसाठी आयुष्यभर रागवल्या, त्यांचीच आता वाट पाहत होत्या. बाहेर गायीच्या गळ्यातली घंटा वाजली. दिव्याची ज्योत स्थिर होती.

शेवटची ओळ झाली, शेवटची झील झाली. जयवंताबाई इअरफोन काढणार, तेवढ्यात तानपुऱ्यावर नलू परत आली. या वेळी तिच्या पुढे कुणाची ओळ नव्हती. ती आपण होऊन म्हणत होती.

"नदीपाशी सावली थांबली, बाई… येजा सावकाश…"

आणि ती थांबली.

जयवंताबाईंना ते थांबणं ओळखता आलं. हा गाण्याचा शेवट नव्हता. झिलेसाठी सोडलेली जागा होती ती. मागून धरणारी पुढे गेली होती, आणि झील आता त्यांनी द्यायची होती. काय द्यायची तेही ठरलेलंच होतं. येजा म्हणून बोलावलं की येतो म्हणायचं. दोनच शब्द, येतो सावकाश.

त्यांच्या ओठांपर्यंत ते आले. आतून वर्षालीनं विचारलं, "मोठाई, पोळ्या किती टाकू?"

जयवंताबाईंनी तोंड मिटलं. अजून या पोरीचं सगळं व्हायचं होतं. तानपुरा जरा वेळ वाजला आणि फाइल संपली.

"सावकाश म्हनली वं तू," त्या दिव्याकडे पाहत म्हणाल्या. "तेवढं म्हनली, तेच लई झालं."

वर्षालीच्या मोबाइलवर ती शेवटची ओळ नव्हती. नलूची झील तिला ऐकू येई, पण तिच्याकडचं गाणं त्या ओळीआधीच संपे. जयवंताबाईंनी तिला काही सांगितलं नाही.

वर्षालीनं गाणं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते पुलगावला गेलं, आर्वीला गेलं, रोहण्यात नलूच्या माहेरी गेलं. लोकांना मधल्या जागा रिकाम्याच ऐकू यायच्या, म्हणून बायांनी त्या भरल्या. कुणी भांडी घासता घासता झील धरून पाठवली, कुणी लेकीबाळींना जवळ बसवून. रोहण्याच्या एका म्हाताऱ्या बाईनं तर शब्दाच्या शेवटी "वं माय" जोडलं, कुणी न सांगता. ते आलेलं एकेक जयवंताबाई ऐकत आणि डोळे पुसत. एकादशीला मंडळ पुन्हा बसलं. त्या पुढे बसल्या, ओळ म्हटली आणि थांबल्या. मागे उजव्या हाताची जागा बायांनी आपसूक मोकळी ठेवली होती. गाणं अडलं नाही. घरी येताना त्यांनी मनोमन नलूला हात जोडले. माणूस गेल्यावर एवढं कुणाला परत मिळतं?

आता रोज दिवा लावल्यावर त्या गाणं एकदा ऐकतात, शेवटपर्यंत. नलू बोलावते, थांबते. त्या झील देत नाहीत. जागा रिकामी जाते आणि फाइल संपते.

परवा ती रिकामी गेली नाही.

नलूची ओळ संपली, आणि त्या जागेत कुणीतरी श्वास घेतला. ओळ उचलण्याआधी घेतात तसा, पोटातून. नाकात बारीक वाजणारा.

जयवंताबाईंनी दुसऱ्या दिवशी रजतला फोन लावला. "काकू, तुमचा श्वास मी एकही ठेवला नवता," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "काऊन?" त्यांनी सहज विचारलं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी दिवा लावला. वर्षाली अंगणात कुणाशी तरी हसून बोलत होती. जयवंताबाईंना वाटलं, आपलाच श्वास आपल्या कानात वाजला असेल. म्हणून त्या जागेपर्यंत आल्यावर त्यांनी पदराचा बोळा केला, नाकातोंडावर घट्ट दाबून धरला आणि श्वास रोखून बसल्या.

"येजा सावकाश…" नलू म्हणाली, आणि थांबली.

शिट्टी वाजलीच.