डोळ्यांची साथ

जुई गावच्या शाळेच्या फाटकात एका अनोळखी माणसानं सुनीतीला डोळा मारला. तोही सकाळच्या पारी, एका हातात पोरीचं दप्तर आणि दुसऱ्या हातात पोर धरून!

सुनीतीनं आधी काणाडोळा केला. तिला त्या वेळी दुसरीच चिंता होती. फाटकाला टांगलेल्या फळ्यावर गुरुजींनी खडूनं लिहिलं होतं — ‘डोळ्यांच्या साथीमुळे शाळा पुढील सूचनेपर्यंत बंद.’ आता उत्पलाला ठेवायचं कुठं? वाशीच्या ऑफिसात टाइपरायटरपुढं सात वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसायचं की काय? काळजीनं तिनं मान वर केली, तर त्या माणसानं पुन्हा डोळा मारला. चांगला ठसठशीत.

“अहो, तुम्हाला काही लाज?” सुनीती कडाडली. “पोरीचा हात धरून उभे आहात, निदान तिच्यासमोर तरी डोळा मारू नका!”

“मारला नाही ओ बाई,” तो माणूस कळवळून म्हणाला. “आला! डावा डोळा आलाय माझा. सकाळपासून आपला आपण मिटायलाय.”

फाटकाशी जमलेल्या आयाबाया खो खो हसल्या. उत्पला हसली. त्या माणसाची मुलगीही हसली. सुनीतीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती पोरीला ओढत जी निघाली ती थेट ती राहायची त्या मालतीबाईंच्या चाळीपाशी येऊन थांबली. मागं वळून बघते तर काय — तो माणूस मागोमाग येतोय!

“आता घरापर्यंत?” ती म्हणाली.

“माझंबी घर हितंच आहे,” तो कोपऱ्यातल्या खोलीकडं बोट दाखवत म्हणाला. “मागच्या आठवड्यात आलो राहायला. मारोती खिल्लारे, जिल्हा परभणी. ही गोजरा, माझी लेक. माय नाही हिला.” आणि बिचाऱ्याचा डोळा पुन्हा मिटला.

एक्क्याऐंशी सालचा पावसाळा उतरणीला लागला होता. नवी मुंबई तेव्हा नवी होती, मुंबई व्हायची अजून राहिली होती. वाशीला इमारती उठत होत्या, पण जुईला वारा सुटला की खाडीचा खारट वास थेट घरात यायचा. मालतीबाई तिथल्याच. नव्या शहरासाठी शेतं गेली तेव्हा त्यांनी शहाणपणा करून राहत्या घराशेजारी कौलारू खोल्या बांधल्या आणि भाडेकरू ठेवले. शाळा सुटली की चाळीतल्या कामकरी बायांची पोरं त्याच सांभाळायच्या. पण त्या दिवशी त्यांनी दाराच्या फटीतूनच हात हलवला.

“बाय, माजे डोले आयलेन! पोरां जवल आनू नको. आनि कोनाचे डोल्यांत बगू नको, बगला का लागतंय!”

झालं. शाळा बंद आणि मालतीबाईही बंद. सुनीती ओट्यावर मटकन बसली. नवरा तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला, सासर राहिलं महाडकडं, ही नोकरी कशीबशी टिकवलेली. रजा मागितली की साहेबाच्या कपाळाला आठ्या. आता जायचं कुणाकडं?

“बाई,” मारोती लांबूनच, जमिनीकडं बघत म्हणाला. “तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात आहे मी. नाइट मागून घेतली तर दिवसा घरी राहीन. तुमच्या लेकराला बघीन. रात्री तुम्ही माझ्या लेकराला बघा. शाळा उघडेपर्यंत. मग आम्ही कळंबोलीला चाललो, भावानं खोली बघून ठेवली आहे. पोरीच्या शाळेच्या दाखल्यापायीच अडकायलो.”

“आणि तुमचा डोळा?”

“पोरींपासून लांब बसतो. गॉगल घेतो.”

सुनीतीनं जरा विचार केला. माणूस अनोळखी, पण गोजराच्या दोन वेण्या इतक्या नीट घातलेल्या होत्या की बघत राहावं. आईविना पोर ती. ज्या बापाला पोरीची वेणी घालता येते, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. मनं अशीच निर्णय घेतात, मागून कारणं शोधतात.

दुसऱ्या दिवसापासून देवघेव सुरू झाली. सकाळी कंपनीची बस मारोतीला हमरस्त्यावर सोडायची. तो गॉगल लावून ओट्याशी यायचा. सुनीती पदर खोचून, डबा घेऊन तयार.

“आलात?”

“येयलो.”

“म्हणजे आलात की येताय? समोर तर उभे दिसता!”

“आमच्याकडं येयलो म्हणजे येत आहे.”

“आमच्याकडं येत आहे म्हणजे येत आहे,” ती म्हणायची आणि पाठ करून हसायची. डोळ्यांत बघायचं नाही ना! मालतीबाई फटीतून लक्ष ठेवून होत्या. त्यामुळं सुनीतीचं सगळं लक्ष बाकीच्या गोष्टींवर गेलं — त्याच्या मनगटावरच्या जुन्या भाजल्याच्या डागावर, आवाजातल्या त्या रेंगाळणाऱ्या हेलावर, आणि चपला काढून शिस्तीत भिंतीला लावायच्या सवयीवर. कुणाच्या चपलांवर माणसाचा जीव जडतो का? तिचा जडायला लागला. तिला ते कळत होतं, आणि मजाही येत होती.

एका संध्याकाळी ती घरी आली, तर खोलीत चिडीचूप. मारोती भिंतीला टेकून गाढ झोपला होता. केसांत लाल रिबिनीची फुलं, गालाला पावडर, आणि कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. दोन्ही पोरी समोर गंभीरपणे बसल्या होत्या.

“आई, हळू,” उत्पला कुजबुजली. “नवरीचा डोळा लागलाय.”

सुनीतीनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच. मारोती दचकून उठला आणि घाईघाईनं गॉगल चाचपू लागला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “छान दिसता. चांगलं स्थळ बघू तुमच्यासाठी.”

“बघा की,” तो रिबीन सोडवत, खाली मान घालून म्हणाला. “जुईतलंच बघा. लांबचं नको.”

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. सुनीती उगाच चुलीकडं गेली, उगाच झाकण उचललं. झाकणाखाली ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता, तिच्यासाठी काढून ठेवलेला. ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्यानंच.

नळावर सगळ्या आया शाळेच्या नावानं खडे फोडत होत्या. शेजारची रखमा तर रडकुंडीला आली होती. “तीन कार्टी दिवसभर घरात! कपाटावर चढलीत, डब्यातला गूळ संपवला. उघडू दे गं बाई शाळा एकदाची!”

“उघडू दे,” सुनीती म्हणायची. मनात म्हणायची, नको. राहू दे बंद. दिवाळीपर्यंत राहू दे. मग तिची तिलाच लाज वाटायची. गावभर पोरांचे डोळे लाल आणि आपण हे काय मागतोय! पण शाळा उघडली की कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप लागणार होतं. कळंबोली काही परदेशात नव्हती, पण तिथून रोज सकाळी ‘येयलो’ म्हणत कुणी ओट्याशी येणार नव्हतं.

मारोतीचा डोळा केव्हाच बरा झाला. गॉगल मात्र राहिला.

“अजून दुखतो का?” तिनं एकदा विचारलंच.

“दुखत नाही. पण... काढला तर तुम्ही बघाल.”

“मग?”

“मग मला बोलायचं सुचणार नाही.”

“एवढी काही मी भयंकर नाही!”

“मी कुठं भयंकर म्हणलो?” तो म्हणाला आणि बस चुकेल म्हणून पळाला. बसला अजून अवकाश होता.

अखेर गुरुजींनी फळा पुसला. ‘सोमवारपासून शाळा सुरू.’ नळावर पेढे वाटायचं तेवढं बाकी राहिलं. कळंबोलीचीही शाळा उघडणार होती, तेव्हा सोमवारी सकाळीच गोजराचा दाखला काढायचा आणि निघायचं, असं ठरलं. रविवारी मारोतीनं भांडी पोत्यात भरली. त्या आवाजानं दोन्ही पोरींनी एकमेकींच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं, ते जेवणं झाली तरी थांबेना. सुनीती त्यांना समजावता समजावता स्वतःच रडायला लागली, ती थांबेना.

सोमवारी फाटकात गुरुजी खुर्ची टाकून बसले होते. येईल त्या पोराची पापणी खाली ओढून बघायची आणि मगच आत सोडायचं. रखमाची तीन कार्टी बंदुकीच्या गोळीसारखी आत गेली. उत्पलाचा नंबर आला. गुरुजींनी पापणी ओढली आणि हात झटकला.

“लालभडक! परत न्या.”

गोजराची पापणी ओढली. “हिचेही! अहो, साथ गेली म्हणून शाळा उघडली, आणि तुम्ही... बाई, इकडं बघा. तुमचेही आलेत की!”

सुनीतीनं मान खाली घातली.

“तुम्ही. गॉगल काढा,” गुरुजी मारोतीला म्हणाले.

मारोतीनं गॉगल काढला. डोळे कसले, दोन लाल गुंजा!

“चौघांचेही,” गुरुजींनी कपाळाला हात लावला. “एकाच घरातले ना? घरात अशीच फिरते ती. टॉवेल वेगळे ठेवा सगळ्यांचे. आठ दिवस चौघांनी घराबाहेर पडायचं नाही.”

एकाच घरातले नाही, असं सांगायला हवं होतं. सुनीतीनं मारोतीच्या बोलण्याची वाट बघितली, मारोतीनं सुनीतीच्या. पोरी तर ‘आठ दिवस’ ऐकून टाळ्या पिटत शाळेच्या भिंतीकडं पळाल्या.

“दाखला राहिला तुमचा,” जरा बाजूला आल्यावर सुनीती म्हणाली.

“राहिला.” तो गॉगल हातात फिरवत होता. “बाई, साथीत डोळे सकाळी चिकटतात. मला ठाऊक आहे, माझा चिकटला होता. तुमचे चिकटले नाहीत. सुजलेत.”

“कांदा चिरला सकाळी.”

“चौघांनी मिळून?”

“तुम्ही कशाला चिरलात?” तिनं उलट विचारलं. “तुमचं तर बरं चाललंय. नवी खोली, भाऊ शेजारी. कारखानाही जवळ.”

“नाइट करून आलो म्हणून लाल झालेत, असं सांगणार होतो,” मारोती म्हणाला. “पण नाइट तर कधीपासून करायलो. असे कधी झाले नव्हते.” त्यानं घसा खाकरला. “बाई... तुम्ही मला आवडायलात.”

सुनीतीची जीभ ती जीभच. “आवडायलात म्हणजे? आवडले, की आवडणार आहे?”

“आवडलात म्हणलं तर संपल्यासारखं वाटतं,” तो विचार करून म्हणाला. “हे संपलेलं नाही. सकाळी होतं, आताबी आहे. चालूच आहे. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही.”

तिच्याही भाषेत त्याला शब्द नव्हता. शाळेच्या आतून पाढ्यांचा गलका सुरू झाला. इतक्या दिवसांनी ऐकलेला तो आवाज तिला फार गोड वाटला. महाडचे लोक बोलतील, ऑफिसातल्या बायका बोलतील, मालतीबाई तर चाळ डोक्यावर घेतील. घेऊ देत. तिनं पदराच्या टोकाशी चाळा करत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं,

“कळंबोलीहून वाशीला सकाळी बस असते का हो?”

“असते,” मारोती पटकन म्हणाला. “एक लवकर आहे, पण तिला गर्दी फार. नंतरची बरी. ऑफिसला वेळेत पोचते आणि बसायलाबी मिळतं. उतरलं की तुमचं ऑफिस पाच मिनिटांवर.”

“एवढं कसं माहीत तुम्हाला?”

“जाऊन बघितलं की. गौरी-गणपतीच्या आधी. दोनदा.”

सुनीती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे पुन्हा भरले. “गौरी-गणपतीच्या आधी! आणि तोंडानं एक अक्षर नाही? विचारलं का नाही मग?”

“कसं विचारणार? तुम्ही वरच बघत नव्हता.”

“आता बघते,” ती म्हणाली.

आणि तिनं बघितलं. लाल, ओले, झोप न झालेले, पण चांगले बोलके डोळे होते. गुरुजींनी फाटक लावून घेतलं, पोरी भिंतीवर चढून बसल्या, तरी ती बघतच राहिली.