मेलितिनेला सलाम सांगा

माझा धंदा दुसऱ्यांची पत्रं वाचण्याचा आणि लिहिण्याचा. लावदिकीयाच्या बाजारात, लोकरवाल्यांच्या ओसरीत, एका बाकड्यावर मी तेवीस वर्षं बसतोय. भांडणं, मनधरणी, मयतीच्या बातम्या, सगळं या हातांखालून गेलंय. पत्र म्हणजे लव्हाळ्याचा कागद, काजळीची शाई आणि कुणाची तरी गरज. त्यापलीकडे त्यात काही असतं असं मला त्या वसंतापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी, आमची ख्रिस्ती मंडळी दिओतिमोसच्या घरी जमते. दिओतिमोस गावातला मोठा लोकर व्यापारी. माझं बाकडंही त्याच्याच ओसरीत. जमणारे वीस-पंचवीस जण: दोन विणकर कुटुंबं, एक न्हावी, आणि बाकीचे दिओतिमोसच्या रंगशाळेतले गुलाम. वाचता येणारे आम्ही दोघंच. म्हणून पत्र आलं की वाचायचं मी आणि त्याचा अर्थ सांगायचा त्याने. आणि अर्थ सांगावा तर त्यानेच! गुलामाला भाऊ माना, असं पत्रात असलं की तो म्हणणार, "म्हणजे मनातून माना." श्रीमंतांनी आधी जेवू नये असं असलं, तर "हे करिंथच्या लोकांसाठी आहे हो, आपल्याकडे तशी माणसं नाहीत." आणि हे सांगताना ओठांना लागलेलं तेल पुसणार.

ते पत्र वसंतात आलं. लिहिणारे, ज्यांना आम्ही सगळे थोरले बंधू म्हणतो, ते दूर रोमच्या तुरुंगात. आमचं गाव त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पत्र आणलं इफिसच्या त्रिफोन नावाच्या खलाशाने. शिक्का मी सगळ्यांसमोर फोडला.

पत्राच्या शेवटी सलाम असतात. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहून "आहे" म्हणायचं. सगळ्या नावांना उत्तर मिळाल्याशिवाय शेवटचा आशीर्वाद वाचायचा नाही, असा आमचा नेम. न्हाव्याचं नाव आलं, तो इतक्या जोरात "आहे" म्हणाला की बायका हसल्या. विणकरांची नावं झाली. मग मी वाचून गेलो:

"मेलितिनेला सलाम सांगा. ती अजून दाराबाहेर उभी आहे."

बायकांचं हसू थांबलं.

मेलितिने ही रंगशाळेतली गुलाम मुलगी. मंजिष्ठेच्या लाल रंगात हात घालून घालून कोपरापर्यंत लाल झालेली. दर आठवड्याला सभेला उशिरा यायची, कारण कढई उतरल्याशिवाय मालकाचा मुकादम सोडायचा नाही. त्या हिवाळ्यात दिओतिमोसने ठरवलं की प्रार्थना सुरू झाली की दार लावायचं. बाहेर बर्फ होतं. आम्ही आत गात होतो, आणि दार वाजलं. खालून, बसल्या माणसाने वाजवावं तसं. दिओतिमोस म्हणाला, "वारा आहे." आम्ही गात राहिलो. मीही. सकाळी ती उंबऱ्याला डोकं टेकून मिळाली, ओल्या कपड्यांत गोठलेली.

तिचा अजून बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून दिओतिमोसने मंडळीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेऊ दिलं नाही. तिची आई, अम्मिया, तीही त्याचीच गुलाम. ती दर सभेनंतर मला विचारायची, "दादा, आज तरी माझ्या पोरीचं नाव होतं का हो?" आणि मी मान हलवायचो. दुसरं तिला काही नको होतं. आपली पोर यांच्यात मोजली जावी, एवढंच.

आता अम्मिया उठून उभी राहिली होती.

"पुढे वाचा, फिलेरोसभाऊ," दिओतिमोस म्हणाला.

मी आशीर्वाद वाचला. नेम मोडला. पायांना गार लागलं म्हणून खाली पाहिलं. दाराच्या फटीतून थंडी येत होती. बाहेर बदाम फुललेले होते.

दुसऱ्या दिवशी त्रिफोनला मी बाकड्यावर बसवून घेतला.

"खरं सांग, थोरल्या बंधूंना त्या पोरीबद्दल कुणी सांगितलं?"

"मला काय विचारता? ते बोलले, लेखकाने लिहिलं, मी घेऊन निघालो."

"निघालास कधी?"

"द्राक्षांचा हंगाम संपता संपता. मग समुद्र बंद झाला. सगळा हिवाळा एका बेटावर खारे मासे खात काढला, आता मासळी बघितली तरी ओकारी येते."

मी बोटं मोजली, पुन्हा मोजली. पत्र लिहिलं गेलं तेव्हा मेलितिने जिवंत होती. दार लावायचं ठरलंसुद्धा नव्हतं.

दिओतिमोसला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि अर्थ सांगितला.

"दार म्हणजे मन. बाहेर उभी आहे ती श्रद्धा. मोठ्या माणसांचं लिहिणं असं शब्दशः घ्यायचं नसतं."

"आणि न्हाव्याचं नाव? तो कशाचा अर्थ आहे?"

"चिडू नका. शेजारच्या कलस्सै गावचे लोक पुढच्या आठवड्यात प्रत न्यायला येतायत. ते उद्या हे पत्र गावोगाव वाचतील. एका मेलेल्या गुलामाच्या नावाने आपल्या मंडळीची बदनामी का? येत्या सभेत पत्र पुन्हा वाचाल तेव्हा ती ओळ गाळा. मग प्रतीतही नको."

'आपली मंडळी' म्हणजे तो स्वतः, हे मी चांगलं ओळखून होतो. पण बाकडं त्याच्या ओसरीत होतं. लाज वाटते सांगायला, पण मी हो म्हणालो.

त्या सभेत मी ओळ गाळली. न्हाव्याच्या नावावरून थेट आशीर्वादावर आलो. त्या ओळीवर माझे ओठ मिटलेले होते, याची मी शपथ घेईन. तरी खोलीतली सगळी माणसं एकदम दाराकडे वळली. अम्मियाने माझा हात धरला. "वाचलंत, दादा. देव तुमचं भलं करो."

तेवढ्यात दार वाजलं. खालून.

"वारा आहे," दिओतिमोस म्हणाला.

तोच शब्द. त्याच सुरात.  त्याचं थोबाड फोडावं असं वाटलं, आणि त्याच्या आधी माझं.

चारच दिवसांनी त्याने मूळ पत्रातलीही ओळ पुसायला सांगितली. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, मी बाकड्यावर वाटीत पाणी घेतलं आणि स्पंज भिजवला. काजळीची शाई पाण्याने सहज निघते आणि पाणी काळं पडतं. ओळ निघाली. वाटीतलं पाणी लाल झालं.

मी ते गटारात ओतलं. नवं घेतलं. तेही लाल झालं. बोटांना मंजिष्ठेचा वास येत होता, आणि तीन वेळा राखेने घासूनही गेला नाही.

सभेला कलस्सैचे चार पाहुणे आले. मानाच्या पलंगांवर ते बसले म्हणून दिओतिमोस भिंतीजवळच्या लांब बाकावर आला, माझ्या शेजारी. माझ्या दुसऱ्या बाजूला अम्मिया. पलीकडे गुलाम, दारापर्यंत.

मी उभा राहून वाचत गेलो. न्हाव्याने "आहे" म्हटलं. खाली कोरा कागद होता.

अम्मिया माझ्याकडे बघत होती. दिओतिमोसही.

हे पत्र कसं समजून घ्यायचं यावर आम्ही इतकी डोकेफोड केली होती. समजायला होतं काय त्यात? एक मुलगी बाहेर उभी होती, आणि आत आम्ही होतो.

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "मेलितिनेला सलाम सांगा. ती अजून दाराबाहेर उभी आहे."

"आहे," बाहेरून आवाज आला.

बारीक, दमलेला. सगळ्यांनी ऐकला. पाहुण्यांनीही.

"वारा," दिओतिमोस म्हणाला. या वेळी त्याचा आवाज चिरकला.

"वाऱ्याला बोलता कधीपासून यायला लागलं?" मी ओरडलो. "उघडा ते दार!"

अम्मियाने उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. संध्याकाळचं ऊन, आणि उंबऱ्यावर हाताएवढं बर्फ. तिने दार लोटलं, परत आली आणि बसताना आपल्या नि माझ्या मध्ये जागा ठेवली. पलीकडचे गुलाम न सांगता सरकले.

मी आशीर्वाद वाचला, खाली बसलो. अंगावरच्या झग्याला ओलं लागलं.

मग शांतीचं चुंबन झालं. आमच्यात ते दारापासून सुरू होतं आणि एकेका गालावरून पुढे जातं. शेवटच्या गुलामाने अम्मियाला दिलं. अम्मिया मोकळ्या जागेकडे वळली. डोळे मिटून, बराच वेळ.

माझ्या गालाला ओठ लागले. बर्फासारखे. ओल्या लोकरीचा वास आला.

 मग दिओतिमोसकडे वळलो, कारण आता पाळी त्याची होती.

तो उठला. दाराशी गेला, कडी लावली, अडसर घातला, दोनदा ओढून पाहिलं. कपाळाचा घाम पुसला आणि आपल्या जागेकडे परत आला.

मी तेवढ्यात सरकलो नव्हतो. कुणीच सरकलं नव्हतं. पण त्याच्यासाठी बाकावर आता जागा नव्हती. त्याने वाकून, हाताने चाचपून पाहिलं, आणि हात झटकन मागे घेतला.

सभा संपेपर्यंत तो दाराला पाठ लावून उभा राहिला.