एक काना जास्त

हे कुणालाही खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. चोर बोटांच्या ठशावरून सापडतो, चपलेच्या चिखलावरून सापडतो, फार तर बायकोशी झालेल्या भांडणावरून सापडतो. एका कान्यावरून चोर सापडल्याचं कुणी ऐकलंय? पण तसं घडलं. आणि ते घडवलं कुणी, तर ज्यांच्या खऱ्या बोलण्यातूनही शेजारीपाजारी निम्मं वजा करून घेत, त्या बंडलमामांनी.

मामा एकतीस वर्षं रात्रीच्या बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर विधवा बहिणीकडे राहायला आले आणि तिकिटांऐवजी थापा फाडू लागले. एकदा म्हणे त्यांच्या बसमध्ये एक हत्ती चढला आणि त्याने अर्धं तिकीट मागितलं.

त्या रविवारी सकाळी आठ वाजता बेल वाजली तेव्हा मामा गालाला साबण लावत होते. दारात भाचीची मैत्रीण उभी होती. उंचीमुळे घरात तिला सगळे जिराफ म्हणत. तिच्या हातात छोटी लाल पर्स होती.

"काकू, चिमणी उठली का? हिची पर्स काल माझ्याकडेच राहिली."

"उठली का म्हणजे?" बहीण हसली. "ती तुझ्याकडे झोपली ना?"

"माझ्याकडे? ती तर घरी आली असेल."

 मामांच्या गालावरचा साबण वाळू लागला.

बहिणीने पर्स उघडली. रुमाल, कंगवा, थोडे सुटे पैसे. आणि तळाशी दम्याचा पंप.

पंपाशिवाय चिमणी दोन जिने चढत नसे. धूळ किंवा उग्र वास नाकात गेला की तिची छाती शिट्टी वाजवायला लागे. मागच्या वर्षी नव्या रंगाच्या वासाने तिला तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले होते.

"पण तिचा मेसेज आला होता," बहीण म्हणाली. आवाज आधीच फाटला होता. "दादा, तूही वाचलास की."

मामांनी वाचला होता. नियमच त्यांचा होता. चिमणी रात्रीची बाहेर जायला लागली तेव्हा आईने डोळे वटारले, पण मामा म्हणाले, "जाऊ दे तिला. रात्र काय वाघ आहे? गा, नाच, हस. फक्त घरात पाऊल टाकलंस की एक शब्द टाक: पोचले." चार वर्षांत तो शब्द एकदाही चुकला नव्हता.

काल रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आईने विचारलं होतं, "पोचलात का गं?" बाराव्या मिनिटाला उत्तर आलं.

"पोचलो."

उशीर झाला की चिमणी कधीकधी जिराफकडेच झोपे. आईला वाटलं, दोघी जिराफच्या घरी पोचलो, असं म्हणतेय. मामांनाही तसंच वाटलं. कुशीवर वळून ते झोपले. 

चिमणीचा फोन बंद होता.

पोलीस चौकीत फौजदारबाईंनी जिराफला समोर बसवलं. बाईंचा चहा निवत होता आणि डोळे तांबारले होते.

"नाचाच्या हॉलमधून तू कधी निघालीस?"

"साडेबाराला. माझं डोकं दुखत होतं. चिमणी म्हणाली, तू हो पुढे, मी दोन गाणी नाचून येते."

"पर्स तुझ्याकडे कशी?"

"नाचताना दोघींच्या पर्सा मीच धरून बसले होते. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं. तिला कळवलं, तर तिने नुसता अंगठा पाठवला."

"टॅक्सीत कुणी बसवलं?"

"सोबतीने. तिथे पिवळं जॅकेट घातलेला माणूस असतो. बायकांना दारापासून गाडीपर्यंत सोडतो, गाडीचा नंबर वहीत लिहितो. त्याच्यामुळेच तर आम्ही त्या हॉलला जातो."

बाईंनी सुस्कारा टाकला. "त्या हॉलच्या माझ्याकडे चार तक्रारी पडल्यात. एकीचा फोन, एकीची बांगडी, दोघींच्या पर्सा. सगळ्या पेंगुळलेल्या, सगळ्या वस्तू म्हणे टॅक्सीत हरवल्या. चार टॅक्स्या, चार ड्रायव्हर. पण आख्खी मुलगी हरवल्याची ही पहिलीच तक्रार."

दहा वाजता सगळे हॉलवर होते. दिवसाउजेडी तो हॉल मेकअप उतरवलेल्या नटासारखा दिसत होता. फरशीला फिनेलचा वास होता. पोलिसांनी स्वयंपाकघर, कपडे ठेवायची खोली, गच्ची, खुर्च्यांचं गोदाम, सगळं उलथंपालथं केलं. काही सापडलं नाही.

सोबती स्वतःहून पुढे आला. तिशीचा, नीटस, नम्र. जॅकेटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सोबती' छापलेलं.

"लाल ड्रेस, बुटक्या. आठवतात ना," तो म्हणाला. "एकला पाच कमी असताना बसवलं त्यांना. हे बघा, वहीत नंबर आहे. माझं काम चोख असतं."

"असणारच," मामा म्हणाले. भीती वाटली की मामांची जीभ मोकाट सुटे. "आमच्या बसलाही चोख माणसं होती. एका रात्री एकशे चाळीस प्रवासी नेले मी, एकही उभा नाही."

"शक्य नाही," सोबती लगेच म्हणाला. "दोन मजली बसलासुद्धा सत्तरच्या वर सीट नसतात."

"आणि ड्रायव्हरला डुलकी लागली तेव्हा बस आपली आपण डेपोत गेली."

"काका, थापा मारू नका. वळणं कोण घेणार?"

"दादा, तुला हे आत्ता सुचतंय?" बहीण ओरडली. तिने पंप मुठीत धरला होता. मधूनच ती तो हलवून बघे, आत औषध आहे ना म्हणून.

मामा तिकडून वळले. समोर काउंटरवर एक स्क्रीन होता. सोबतीने बाई गेटवर आणली की तो फोनवरून ऑफिसला एक शब्द टाकी, मग ऑफिस पुढच्या बाईला आतून सोडी. काल रात्रीची सगळी यादी तिथे दिसत होती. पोचलो. पोचलो. पोचलो.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"बाईंना घेऊन गेटवर पोचलो, असं. मी एकटा थोडाच असतो?"

मामांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुपारी टॅक्सीवाला सापडला. बनियनवरच उचलून आणला त्याला.

"एकला पाच कमी असताना हॉलवरून मुलगी घेतलीस?"

"घेतली."

"कशी होती?"

"बुटकी. चेहरा नाही बघितला, मागे बघत गाडी चालवत नाही मी."

"कुठे सोडलीस?"

"पुलाच्या तोंडाशी. सुट्या पैशांसाठी पाच मिनिटं पर्स उपसत बसली, म्हणून लक्षात राहिली."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "मुलीच्या फोनवरून पोचलो आलंय. मुलगी लिहील पोचले. एक काना जास्त आहे, म्हणजे लिहिणारा पुरुष. गाडीत तुझ्याशिवाय पुरुष कोण होता? कुठे ठेवलीस तिला?"

"बाई, मला दोन लेकी आहेत," टॅक्सीवाला म्हणाला आणि बनियनने डोळे पुसू लागला.

त्याची गाडी उकलून झाली, घर धुंडाळून झालं, पुलाखालची झाडी तुडवून झाली. चार वाजले. पाच वाजले.  एकदा बहिणीने पंप हवेत दाबून बघितला. फुस्स झालं आणि ती दचकली, जणू चिमणीच्या वाटणीचा एक श्वास तिने वाया घालवला.

"तुझा नियम होता, दादा," ती हळूच म्हणाली. "एक शब्द आला की निजायचं. निजलो आपण."

मामा उठले आणि फौजदारबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, सगळ्यांना हॉलवर न्या. मला दहा मिनिटं द्या."

"मामा, आज गोष्टी ऐकायची वेळ नाही."

"मुलगी सतरा तास पंपाशिवाय आहे. मी आज खरं बोलतोय. निम्मं वजा करा, तरी पुरेल."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी उचलली.

सहा वाजता हॉलच्या दर्शनी खोलीत सगळे उभे होते: बहीण, जिराफ, दोन शिपायांमध्ये टॅक्सीवाला, आणि रात्रपाळीवर आलेला सोबती, जॅकेटची चेन वर ओढत.

"ह्या टॅक्सीवाल्याला सोडा," मामा म्हणाले. "त्याच्या गाडीतली बुटकी पर्समधून सुटे पैसे काढत होती. आमच्या चिमणीची पर्स साडेबारापासून जिराफकडे होती. म्हणजे ती पोर दुसरीच कुणी. कुणाच्या तरी लेकीला ह्याने नीट पोचवलं, आणि आपण त्याला दिवसभर रडवलं."

"मग वहीत?" बाईंनी विचारलं.

"वहीत नंबर असतात, नावं नसतात. हीच ती चिमणी, असं सांगितलं कुणी? सोबतीने. चार तक्रारी आहेत तुमच्याकडे. टॅक्स्या चार, ड्रायव्हर चार. पण पेंगुळलेल्या बाईला दंडाला धरून गाडीत बसवणारा हात एकच. काल चिमणीने तो हात दुसऱ्याच्या पर्समध्ये बघितला असणार. ती गप्प बसणारी नाही, माझी भाची आहे."

सोबती हसला. "पुरावा?"

"पोचलो. बाई, तुम्ही काना बरोबर पकडलात, माणूस चुकलात. मुलीच्या नावाने खोटं लिहायला बसलेला पुरुष सावध असतो, तो जपून पोचले लिहितो. पोचलो तोच लिहितो, ज्याच्या बोटांना त्या वेळी दुसरं काही येत नाही. ह्याची बोटं रात्रीतून पन्नासदा तेच लिहितात. तिच्या आईने विचारलं, पोचलात का, आणि बोटांनी उत्तर देऊन टाकलं."

फौजदारबाईंनी मान हलवली. "मला पटतंय, मामा. पण कोर्टाला काना दाखवून काय सांगू? आणि मुलगी कुठे आहे?"

"मला पण तेच विचारायचंय," सोबती म्हणाला. "अख्खा हॉल शोधलात. काकांना थापा मारायची सवय आहे, सकाळीच बघितलं मी."

मामा खुर्चीवर बसले. एकदम थकल्यासारखे दिसले.

"मुलगी मिळाली, बाई. तुम्हाला सांगायचं राहिलं. पाच वाजता मला दवाखान्यातून फोन आला."

बहिणीच्या घशातून आवाज निघाला. मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"तिथे फार वास होता म्हणे. पण पोरगी खमकी. ओढणीत मूठ गुंडाळून खिडकीची काच फोडली. ओढणीला गाठी मारून दोर केला, गजाला बांधला आणि खिडकीतून सरसर खाली उतरली. खाली नेमकी माझ्याच जुन्या रूटची बस..."

"बास करा हो," सोबती म्हणाला. लहान पोराची बेरीज चुकली की मास्तर हसतो, तसा तो हसत होता. "कसली काच नि कसले गज? टाकीखालच्या खोलीला खिडकी असते का कधी?"



"टाकीचं नाव कुणी काढलं?" फौजदारबाईंनी विचारलं.

सोबतीचं तोंड उघडं राहिलं. हसू अजून तिथेच होतं, उतरायचं विसरलेल्या प्रवाशासारखं.

पलीकडच्या पार्किंगच्या इमारतीवर पाण्याची मोठी टाकी होती. ती हॉलच्या हद्दीत नव्हती, म्हणून कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं. तिच्याखाली ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांची खोली होती, आणि तिची चावी सोबतीच्या खिशातच निघाली असती. पण चावी शोधायला कुणी थांबलं नाही. सोबतीला एका शिपायाच्या हाती देऊन बाई पळाल्या, दुसरा शिपाई पळाला, आणि साठीची बहीण पाच मजले पळत चढली, पंप डोक्यावर धरून, पुरातून दिवा नेतात तसा.

चौथ्या दिवशी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या आजींना मामा सगळं पहिल्यापासून सांगत होते. पर्स झाली, काना झाला, खिडकी झाली.

"मग काय, आजी," मामा म्हणाले, "पाच मजले तीन उड्यांत चढलो. लोखंडी दार. म्हटलं, चल बाजूला. खांद्याची एकच धडक दिली, दार बिजागऱ्यांसकट आत. पोत्यांवर ही निपचित पडलेली, ओठ निळे. उचलली, पंप लावला. डोळ्यांतून माझ्या टिपूस नाही, विचारा कुणालाही..."

मागच्या खाटेवरून, ऑक्सिजनच्या मास्कआडून, घोगरा आवाज आला.

"खोटं. दार बाईंनी तोडलं. तू खाली पायरीवर बसून रडत होतास, मला वरपर्यंत ऐकू येत होतं."