तिसरा शंख

“मी त्याला माफी मागायला आपल्या दारात चटईखाली बसवणार,” मोएलागी म्हणाली आणि तिनं पाण्यातला चष्मा कपाळावर ढकलला.

“कोणाला?” इओसुआनं विचारलं. हा तिचा मावसभाऊ, सुट्टीला शहरातून आलेला आणि आल्या दिवसापासून भुकेलेला.

“चोराला. नाव कळू दे फक्त.”

“म्हणजे जन्मभर थांबा.”

तिनं त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. गावाच्या राखीव पाण्यात दोघं कमरेपर्यंत उभी होती. खाली मोठाले शिंपले रांगेनं तोंडं उघडून बसले होते. साठ होते, आज सकाळी एकेचाळीसच भरले. गावानं पाच वर्षं इथं ना जाळं टाकलं ना गळ, म्हणून तर बाहेरच्या पाण्यात पुन्हा मासे दिसायला लागले होते.

इथले राखणदार म्हणजे मोएलागीचे आजोबा, तोलोआ. गेल्या आठवड्यात त्यांच्याच होडीखाली फोडलेल्या शिंपा सापडल्या. गावचा कारभारी मासोए यानं त्या भर सभेत आणून ओतल्या. दंड झाला, डबाबंद माशांच्या वीस पेट्या आणि एक डुकरीण. जन्मभर मासे राखले आणि दंड भरायचा तो दुकानातल्या माशांनी! त्याहून वाईट म्हणजे सभाघरातला खांब गेला. प्रत्येक मुखियानं आपापल्या खांबाला टेकून बसायचं, ही तिथली रीत. आजोबांचा खांब आता रिकामा होता. तेव्हापासून ते समुद्राकडे पाठ करून जेवत, आणि ती पाठ बघून मोएलागीचं रक्त उसळे.

“रात्री गावची पोरं पहाऱ्याला असतात, दिवसा आपण,” ती म्हणाली. “मग हा चोरतो कधी?”

“मला नको विचारू. काल जेवायलाच किती उशीर झाला. तुझ्या आजीनं पाच स्तोत्रं म्हटली, पाच! सोमवारी दोनातच सुटलो होतो.”

मोएलागी थबकली. सोमवारी एकही शिंपला गेला नव्हता. काल तीन गेले.

“त्याआधी पाच कधी झाली होती?”

“मंगळवारी आणि शनिवारी. भुकेच्या बाबतीत माझा हिशेब चुकत नाही.”

नेमके त्याच दोन दिवशी शिंपले गेले होते.

संध्याकाळी प्रार्थनेचा पहिला शंख झाला की गाव आवरतं घेई. दुसऱ्या शंखाला सगळे घरात डोळे मिटून बसत. तरुण पोरं रस्त्यावर कुणी फिरकू नये म्हणून उभी राहत, तीही समुद्राकडे पाठ करून. तिसरा शंख होईपर्यंत स्तोत्रं म्हणत राहायचं, हलायचं नाही. आणि शंख फुंकणारा माणूस एकच होता, मासोए.

“अगं, तो कारभारी आहे,” इओसुआ हळूच म्हणाला. “आपण चुकलो तर गावाबाहेर काढतील आपल्याला. आजी-आजोबांसकट.”

“आजोबांवर खोटा आळ आला, तेव्हा कुणाला काढलं?”

घरात आजोबांचा जुना शंख होता. दोन दिवस मोएलागी केळींच्या आड जाऊन तो फुंकत राहिली.

“डुकराचं पोट बिघडल्यासारखं वाटतंय,” इओसुआ म्हणाला. “आण इकडे. माझी छाती मोठी आहे.”

“पोट मोठं आहे. फुंकणार मीच.”

तिसऱ्या संध्याकाळी दुसरं स्तोत्र संपलं तरी शंख झाला नाही. घराला भिंती नव्हत्याच, बसल्या जागेवरून समुद्र दिसत होता. चौथं सुरू झालं, तेव्हा राखीव पाण्यात एक डोकं वर आलं. इओसुआनं तिला कोपरानं ढोसलं. मोएलागीनं मांडीआडून शंख काढला आणि वर पाहिलं. आजोबांचा एक डोळा उघडा होता.

त्यांनी शंखाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग तो डोळा मिटला आणि ते आणखी मोठ्यानं गाऊ लागले.

तिनं होता नव्हता तेवढा जीव एकवटून फुंकर मारली. शंख खणखणीत वाजला. तिसरा शंख झाला असं समजून गावानं डोळे उघडले, रस्त्यावरची पोरं वळली, लहान मुलं नेहमीसारखी पाण्याकडे धावली. आणि छातीभर पाण्यात खांद्यावर पोतं घेऊन मासोए उभा!

“आत जा सगळे!” तो ओरडला. “अजून शंख झालेला नाही!”

कुणीही आत गेलं नाही. पोत्यात चार जिवंत शिंपले निघाले. समोरच्या बेटावर त्याच्या जावयाची खाणावळ होती, माल तिकडे जात होता. आजोबा फार चौकशा करायला लागले, म्हणून शिंपा त्यांच्या होडीखाली गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मासोए तोलोआंच्या अंगणात येऊन बसला. मान खाली, डोक्यावरून उंची चटई ओढलेली. घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळते. नाही उचलली, तर बसून राहायचं.

गावचे थोरले मुखिया आले. म्हणाले, “आम्ही चौदा म्हातारे सभेत बसलो होतो. एकालाही स्तोत्रं मोजावीशी वाटली नाहीत. शाबास, पोरांनो. तोलोआ, दंड फिरला, तुझा खांब तुला परत. पेट्या आता हा भरेल. आणि एकोणीस शिंपले लहानाचे मोठे करून देईल, तुझ्या हाताखाली राबून.”

“चटई तू उचल,” आजोबा नातीला म्हणाले. “हा मान तुझा.”

“बसू दे त्याला.”

ऊन चढलं. आजीनं दोनदा सांगून पाहिलं. “अगं, घाम गळतोय त्याचा,” इओसुआ पुटपुटला. मोएलागी चटईसमोर मांडी घालून बसून होती. आजोबांनी त्या सभेत सगळी सकाळ खाली मान घालून काढली होती, तेवढा वेळ होईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं चटई उचलली. खाली लाल, ओला चेहरा होता. तो तिच्याकडे वर बघेना.

“झालं समाधान?” आजोबांनी विचारलं.

“नाही.”

“माझंही नाही,” आजोबा म्हणाले. त्यांनी धुतलेलं वस्त्र कमरेला घट्ट गुंडाळलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पण सभेची वेळ झाली. सभाघरापर्यंत चल माझ्याबरोबर. मी खांबाला टेकून बसलेला तू बघ, आणि तू बघतेयस हे गावालाही दिसू दे.”