पार्किंगमधली राखण

शुक्रवारी ऑफिसातून येताना सुभाषरावांनी भाईंदरच्या बाजारातून कोथिंबीर, पाव, अगरबत्ती, एक सुरी आणि एक जिवंत कोंबडा घेतला. कोंबडा रेक्झिनच्या बॅगेत बसवला, चेन चोचीपुरती उघडी ठेवली आणि रिक्षावाल्याला मुर्धा सांगितलं.

मुर्ध्याच्या जुन्या मिठागरावर सात मजली इमारत उभी राहिली तेव्हा सुभाषरावांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. पुढे सेकंडहँड मारुती आली. तिला मिळालेल्या पार्किंगच्या जागेत नेमका शेंदूर फासलेला एक दगड होता, मिठागराच्या शिवेवरचा राखणदार. बिल्डरसुद्धा त्याच्या वाटेला गेला नव्हता. सुभाषराव गेले. देवाला गच्चीवर हवा लागेल, खाडी दिसेल, असं सोसायटीला पटवून त्यांनी दगड वर टाकीशेजारी नेऊन ठेवला आणि त्याच्या जागी गाडी लावली.

तेव्हापासून गाडी त्या जागेवर सुरू होईना. हातभर पुढे ढकलली की बिनतक्रार सुरू. मेकॅनिकने हात टेकले. आत बसलं की ओल्या पिसांचा वास यायचा, आणि कोणीतरी मागच्या सीटवर वाट बघत बसलंय असं वाटायचं. शेवटी पलीकडच्या नाक्यावर मासळी विकणाऱ्या चंपाबाईंनी निदान केलं. त्यांचा सासरा दरसाल राखणदाराला कोंबडा द्यायचा. आधी डोक्यावर पाणी शिंपडायचा. कोंबड्याने अंग झाडलं की मान्य झालं, मग सुरी. सुभाषरावांच्या रत्नागिरीकडच्या गावीही राखण अशीच द्यायचे, तेव्हा त्यांना ते लगेच पटलं. गाडीसाठी ते काहीही करायला तयार होते.

अडचण एवढीच, की सोसायटी कडक शाकाहारी. लिफ्टपाशी नेमक्या हंसाबेन उभ्या होत्या आणि नेमका तेव्हाच बॅगेने बांग दिली.

"नया रिंगटोन है," सुभाषराव म्हणाले.

हंसाबेनना तो फार आवडला. मुलाच्या मोबाइलवर पाठवा म्हणाल्या आणि भाजीला गेल्या.

सुभाषरावांनी सातचं बटण दाबलं. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंत चढली, थबकली आणि हळूहळू परत खाली आली. जाळीबाहेर पार्किंग. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बॅगेतला कोंबडा चिडीचूप झाला होता. सोसायटीच्या मेंटेनन्सला दोन शिव्या घालून सुभाषराव जिन्याने निघाले.

पहिल्या मजल्यावर पेणकरकाकांचं दार उघडं होतं. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे पेणचे. शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या शब्बाथचा, त्यांच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा त्यांनी नुकताच लावलेला. बॅगेतून डोकावणारी चोच त्यांनी पाहिली आणि "सावकाश जा" एवढंच म्हणाले.

गच्चीवर अंधारून आलं होतं. खाडीकडून चिखलाचा खारट वास येत होता. सुभाषरावांनी दगडापुढे अगरबत्ती लावली, कोंबडा उभा केला आणि टाकीवरच्या तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडलं. कोंबडा ढिम्म. आणखी शिंपडलं. मग अख्खा तांब्या ओतला. कोंबड्याचं पार पायपुसणं झालं, पण एक पीस हललं नाही. तो दगडाकडे बघतही नव्हता. मान वाकवून तो पायाखालच्या लादीकडे बघत होता... लादीच्या खाली, सात मजले खाली काहीतरी असल्यासारखा.

अचानक तो जिन्याकडे पळाला. सुभाषराव सुरी तिथेच टाकून मागे धावले.

कोंबडा थांबला तो पार्किंगमध्ये, मारुतीखाली. ट्यूबलाइट फुरफुरत होती. सुभाषराव गुडघ्यांवर बसून आत बघतात तोच कोंबड्याने चोचीपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं.

"वर नाही झाडलं ना? पेणला राखण पाहिलीय मी." मागे पेणकरकाका उभे होते. आवाज अगदी खालचा.

सुभाषरावांनी मान हलवली.

"आमच्याकडेही फार पूर्वी जनावर वाहायचे. पण एकाच जागी, आमच्या मंदिरात. तिथेही वेदीची उत्तर बाजू ठरलेली. दुसरीकडे कापलं तर ते नुसतं मटण. ते मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, तेव्हापासून आम्ही एक कबुतरसुद्धा वाहिलं नाही. मलिदा करतो, पोह्यांचा. वेदी उचलून गच्चीवर ठेवू, असं कोणाला सुचलं नाही बघ..."

"पण काका, दगड तर वर आहे."

"दगड वर आहे. जागा कुठे आहे?"

सुभाषरावांनी मारुतीच्या चाकांखालच्या जमिनीकडे पाहिलं.

"आमच्या ग्रंथात एक वाक्य आहे," काका म्हणाले. "वेदीला जे शिवेल ते वाहिलेलं. मग ते कोंबडं असो, नाहीतर..." त्यांनी आधी मारुतीकडे पाहिलं. मग सुभाषरावांच्या जमिनीला टेकलेल्या गुडघ्यांकडे.

सुभाषराव तापलेल्या तव्यावर बसल्यासारखे उठले. त्यांनी गाडी हातभर ढकलली, सुरू केली आणि बाहेर रस्त्यावर लावली. उद्या उजाडताच दगड खाली आणायचा आणि पार्किंगवर पाणी सोडायचं, असं सुभाषरावांनी हात जोडून कबूल केलं. कोंबडाही सोडून दिला. तो मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेला जाऊन, पाहुण्यासाठी जागा राखावी तसा, अंग चोरून बसला. सुभाषरावांना एकदम हलकं वाटलं. घरी बायकोला, मनोरमाला, काय सांगायचं याची जुळवाजुळव करत ते लिफ्टमध्ये शिरले. शब्बाथला लिफ्टचं बटण दाबायचं नसतं, म्हणून काका जिन्याने गेले.

तीनचं बटण दाबलं. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंत चढली, थबकली आणि हळूहळू परत खाली आली.

जाळीबाहेर ती मोकळी जागा. सुभाषरावांनी हातांकडे पाहिलं. बॅग नव्हती, कोंबडा नव्हता. लिफ्टमध्ये ते एकटेच होते.

तेवढ्यात टाळूवर गार पाण्याचे थेंब पडले. त्यांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं.

आणि मग, कोणीही करेल तसं, त्यांनी डोकं झाडलं.