वळचण ठिबकायची थांबली की

त्या सकाळी माझा नवरा थोर्गिल्स फक्त मेंढ्या चारायला निघाला होता. ऐन थंडीत अचानक ऊब आली होती. छपरावरचा बर्फ वितळून वळचण ठिबकत होती. उतारावर पिवळं गवत उघडं पडलं होतं. आमच्या आइसलंडात हिवाळ्यात असा दिवस म्हणजे देवाची देणगीच. कोठारातला सुका चारा तळाला गेला होता. मेंढ्यांनी एक दिवस बाहेर पोट भरलं तर तेवढाच आधार.

सासूबाई दारात उभ्या राहून आभाळ हुंगत होत्या.

“हे ऊन लबाड आहे रे. लांब नको जाऊस.”

“आई, तुला बर्फ पडला तरी खुपतो आणि ऊन पडलं तरी खुपतं! म्हातारपणी आभाळाशीच भांडण काढलंस की काय?” तो हसला. मला म्हणाला, “ग्रोआ, रश्श्यात बटाटे जास्त घाल गं. भुकेजून येईन.”

पुढे फ्लेक्का निघाली, गळ्यातली घंटा वाजवत. ती आमची पुढारी मेंढी. कसंही वादळ असो, कळपाला घरी आणणार अशी तिची ख्याती होती.

दुपार कलली आणि वळचण ठिबकायची थांबली. आधी एवढंच जाणवलं. मग वारा फिरला, आणि बर्फाने अंगण, कुंपण, डोंगर सगळं पुसून टाकलं. आमच्याकडे हिवाळ्यात दिवस मावळायला वेळ लागत नाही. मी खिडकीत दिवा ठेवला.

अंधार पडल्यावर आमच्याकडे कुणी दार वाजवत नाही. येणारा खिडकीशी येतो आणि म्हणतो, ‘इथे देव असो.’ आतल्याने म्हणायचं, ‘देव तुझं भलं करो,’ आणि मगच कडी काढायची. मेलेल्याच्या तोंडून देवाचं नाव निघत नाही, म्हणून ही रीत.

दारावर धप्प आवाज झाला. मी धावले. सासूबाई आडव्या आल्या.

“आई, तोच असेल! काढा ना कडी.”

“मग बोलू दे त्याला.” त्यांनी कडी दाबून धरली. “माझ्या पोटचा आहे तो. मला नकोय का तो घरात? पण... बोलू दे.”

“थोर्गिल्स!” मी फळीला तोंड लावून ओरडले. “देवाचं नाव घे... घे ना रे...”

पलीकडे नुसता जड श्वास. फटीतून ओल्या लोकरीचा वास येत होता.

आणि मग खिडकीशी...

“इथे देव असो.”

त्याचाच आवाज. शांत. धाप नाही, थंडीने जडावलेला नाही. शेजारी बसून बोलावं तसा.

“देव तुझं भलं करो, बाळा!” सासूबाई रडत म्हणाल्या आणि त्यांनीच कडी काढली.

फ्लेक्का आत आली. तिच्यामागून एकमेकींना ढकलत बाकीच्या, पांढऱ्याफटक. दिवा उंच धरून मी प्रत्येकीच्या पाठीमागे पाहत होते. शेवटच्या मेंढीमागे फक्त बर्फ होता. फ्लेक्काच्या मानेला थोर्गिल्सचा गळपट्टा बांधलेला होता, दोन गाठी मारून.

मी कमरेला दोर बांधला. दुसरं टोक सासूबाईंनी धरलं. खिडकीखाली पाहिलं, तिथला बर्फ साईसारखा सपाट होता. दोर संपेपर्यंत पुढे गेले. कंदील विझला. मी हाक मारायची आणि वारा ती माझ्याच तोंडात परत कोंबायचा. शेवटी सासूबाईंनी ओढून घेतलं. मग आम्ही काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. चुलीवर रस्सा आटत राहिला.

वादळ ओसरल्यावर शेजारच्या शेतावरच्या माणसांना तो नदीपलीकडे सापडला. खडकांच्या फटीत पाय अडकून मोडला होता. त्याच्या अंगाखालचं गवत कोरडं होतं. म्हणजे बर्फ सुरू व्हायच्या आधीच तो पडला होता, आणि तिथून हललाच नव्हता. ओठ गोठून एकमेकांना चिकटले होते.

“वारा कधी कधी माणसासारखा बोलतो,” दफनाला आलेल्या पाद्रींना आम्ही त्या आवाजाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले.

“देवाचं नाव घेतो का वारा, पाद्रीबाबा?” सासूबाईंनी विचारलं. 

त्यानंतर हिवाळ्यात जेव्हा जेव्हा अशी ऊब आली, तेव्हा तेव्हा वळचण ठिबकायची थांबली की तो खिडकीशी यायचा. सासूबाई उत्तर द्यायच्या, दार उघडायच्या, आणि घर गारठेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. “देवाचं नाव घेतो म्हणजे मेलेला नाही,” म्हणायच्या आणि त्याचं ताट वाढायच्या. सकाळी मी ते तसंच उचलून ठेवायचे.

गेल्या शरद ऋतूत त्याही गेल्या. मला वाटलं, आता उत्तर देणारं कुणी नाही, म्हणजे हे थांबेल. या हिवाळ्यातली पहिली ऊब आली तेव्हा मी ओठ घट्ट मिटून बसले.

“इथे देव असो,” तो म्हणाला.

“देव तुझं भलं करो, बाळा...”

सासूबाईंचा आवाज. तोही खिडकीबाहेरून.

मग दोघंही गप्प झाली. कडी काढायची तेवढी राहिली होती... आणि आत मी एकटीच होते.

कॉफी निवतेय, घ्या ना. मघाशी तुम्ही आलात तेव्हा वळचण ठिबकत होती, हो ना?

ऐका बरं आता...